जहाज बंदरात लागलं म्हणजे सुट्टी नव्हे : क्रूझवरच्या एका दिवसाकडून आठ खोल्यांच्या लॉजसाठी धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी जेल रोडच्या एका मुलाचा उल्लेख केला होता. क्रूझ जहाजावर केबिन अटेंडंट म्हणून त्याने सहा कॉन्ट्रॅक्ट केली, आता घरी परत आलाय आणि बिटको चौकाच्या मागे वडिलांच्या आणि काकांच्या सामाईक इमारतीत आठ खोल्यांचं लॉज काढायचं म्हणतोय. कॅमेऱ्यासमोर यायला तो तयार नव्हता. व्हिडिओत सगळं मावलं नाही, म्हणून त्याच्याशी झालेलं बोलणं आणि त्यावरचं आपलं गणित इथे सविस्तर लिहितोय.

पहिल्या भेटीत मी त्याला सहज विचारलं, "मजा असेल ना रे, रोज नवीन बंदर?" तो हसला. म्हणाला, "सर, नातेवाईक फोटो बघतात तो मधल्या बंदराचा असतो. जिथून जहाज सुटतं त्या बंदरात लागलो ना, की सगळ्यात जास्त काम. त्या दिवशी मला समुद्रही दिसत नाही आणि जमीनही दिसत नाही."

त्या दिवसाला त्यांच्या भाषेत टर्नअराउंड म्हणतात. जुने प्रवासी उतरतात, त्याच दिवशी नवे चढतात, आणि संध्याकाळी चार-पाच वाजता जहाज सुटतं. मधल्या काही तासांत हजारो माणसं खाली, हजारो वर. मोठ्या जहाजांचा आकडा ऐका. 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी मावतात. आपल्याकडचं उदाहरण लहान आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेलं जहाज सुमारे १,८०० प्रवाशांचं. पण इथल्या फेऱ्या दोन-तीन रात्रींच्या असतात, म्हणजे हा बदलीचा दिवस आठवड्याने नाही, दर दोन-तीन दिवसांनी उगवतो. लॉजवाल्याचा तर तो रोज उगवतो. म्हणून हा विषय घेतला.

(जाता जाता एक गंमत. हे जहाज मुंबईत जिथे लागतं ते बॅलार्ड पिअर. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. पण इंग्रजांच्या काळात याच धक्क्यावर 'बॅलार्ड पिअर मोल' नावाचं रेल्वे स्टेशन होतं. बोटीने आलेले साहेब आणि टपाल तिथूनच गाडीत बसायचं. सुरुवातीची पंजाब मेल तिथून सुटायची. तीच पंजाब मेल आजही आपल्या नाशिक रोडला थांबते.)

दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो

त्याच्या जहाजाची फेरी सात दिवसांची, फ्लोरिडातल्या एका बंदरातून. रविवारी सकाळी सहाला जहाज धक्क्याला लागायचं. मी विचारलं, "म्हणजे तुझं काम सहाला सुरू?" तर म्हणाला, "नाही सर, शनिवारी संध्याकाळी."

हे नीट समजून घ्या, कारण अख्ख्या लेखात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही गोष्ट. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक केबिनमध्ये रंगीत टॅग जातात. प्रवाशांनी मोठ्या बॅगांना ते बांधून रात्री दाराबाहेर ठेवायच्या. कुठल्या रंगाने किती वाजता उतरायचं हे आधीच ठरलेलं. ज्यांचं विमान लवकर आहे ते आधी, ज्यांना स्वतःच्या बॅगा स्वतः न्यायच्या आहेत ते त्याहून आधी. सकाळी अटेंडंटच्या हातात यादी असते की माझ्या अठरा केबिनपैकी कुठली सातला रिकामी होणार, कुठली नऊला, आणि कुठल्या केबिनचे लोक उतरणारच नाहीत, पुढच्या फेरीलाही तेच आहेत.

दुसरं, शनिवारपर्यंत त्याने तक्रारींची यादी दिलेली असते. कुठल्या नळाला गळती, कुठल्या कपाटाची कडी ढिली, कुठला दिवा लुकलुकतोय. रविवारी केबिन रिकामी झाली की प्लंबर थेट त्या दारात उभा. शोधाशोध नाही.

आता आपल्या लॉजमध्ये काय होतं? पाहुणा चावी काउंटरवर ठेवून गेला की मग आपला माणूस वर जातो. मग कळतं की गीझर बंद आहे. मग आपण इलेक्ट्रिशियनला फोन लावतो. तो म्हणतो, "सिन्नर फाट्याला आहे, तासाभरात येतो." तो तास कुणाचा गेला?

माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी नातलगांची राहायची सोय माझ्याकडे होती. बारा खोल्या घेतल्या होत्या, चेक-इन बाराचं होतं. मुलाकडची मंडळी साडेअकराला आली. पाच खोल्या तयार, सात नाहीत. नवऱ्या मुलाची आत्या सव्वा तास बॅगेवर बसून होती. नंतर जेवण उत्तम झालं, मांडव उत्तम होता, पण आजही ते कुटुंब भेटलं की त्या सव्वा तासाचाच विषय निघतो. चूक लॉजवाल्याची मी धरत नाही, आदल्या रात्री मी यादी मागितली नव्हती.

आठ खोल्या, एक माणूस, दोन तास

त्या मुलाला मी घड्याळ लावून एक खोली करायला सांगितलं. चादरी-टॉवेल काढायला ३ मिनिटं, बाथरूम ८, पलंग ६, झाडू-पोछा ५, आणि शेवटची तपासणी (बल्ब, रिमोट, पाणी, साबण) ३. एकूण २५ मिनिटं. त्याचा हात सरावलेला आहे, नवख्याला ४० लागतील.

आठ खोल्या गुणिले २५ म्हणजे २०० मिनिटं, म्हणजेच ३ तास २० मिनिटं. चेक-आउट दहाला, चेक-इन बाराला. मध्ये १२० मिनिटं. एकटा माणूस बारा वाजेपर्यंत चार खोल्या पूर्ण करेल, पाचवी अर्धवट असेल. शेवटची खोली एक वाजून वीस मिनिटांनी तयार होणार. म्हणजे चार कुटुंबं बॅगेवर.

इथे बहुतेक जण म्हणतात, "सर, अजून एक माणूस ठेवू." ठेवा, २०० मिनिटांचं काम १०० मिनिटांत होईल. पण महिन्याचा पगार वाढला. आधी आदल्या संध्याकाळची यादी करून बघा. आपलं लॉज स्टेशनजवळ आहे. सकाळी सातच्या सुमाराला पंचवटी एक्स्प्रेस आहे, मुंबईला जाणारा तीच पकडतो. शिर्डीला जाणारा गाडी ठरवून सहाला निघतो. समजा आठपैकी तीन खोल्या सातच्या आत रिकाम्या झाल्या. पण यादी नसेल तर त्या खोल्या दहापर्यंत तशाच पडून राहतात, कारण "चेक-आउट दहाला असतं".

यादी असेल तर तोच एकटा माणूस सातला सुरुवात करतो. तीन खोल्या म्हणजे ७५ मिनिटं, सव्वाआठला मोकळा. चहा-नाश्ता, मग कपडे मशीनला. दहाला उरलेल्या पाच खोल्या घेतल्या, १२५ मिनिटं, बारा वाजून पाच मिनिटांनी शेवटची चावी काउंटरवर. माणूस तोच, पगार तोच. फक्त आदल्या रात्री आठ वाजता काउंटरवरच्या पोराने प्रत्येक खोलीला विचारायचं: "दादा, उद्या किती वाजता निघणार? रिक्षा सांगून ठेवू का?" रिक्षाचं विचारलं की लोक वेळ खरी सांगतात. नुसतं "कधी निघणार" विचारलं तर त्यांना वाटतं हा आपल्याला हाकलतोय.

अजून एक त्याची युक्ती. तो एकेक केबिन पूर्ण करत नाही. आधी रिकाम्या झालेल्या सगळ्या केबिनमधल्या चादरी-टॉवेल काढून लाँड्रीकडे पाठवतो, कारण लाँड्रीला वेळ लागतो. मग सगळी बाथरूम, मग सगळे पलंग. हातात एकच साहित्य राहतं, जिन्यावर चकरा वाचतात. मिनिटं फार वाचत नाहीत असं मला वाटतं, पण धुणं तासभर आधी मशीनमध्ये पडतं, आणि पावसाळ्यात तो तास सोन्याचा आहे.

चादरी किती?

आता पावसाळ्याचं. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकात प्रत्येक दुसरा माणूस खोल्या काढायच्या विचारात आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, आणि जाहीर झालेली अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला (त्र्यंबकेश्वरला तिसरं १२ सप्टेंबरला). तिन्ही तारखा पावसातल्या. म्हणजे जेव्हा खोल्या सगळ्यात भरलेल्या, तेव्हाच चादरी सगळ्यात उशिरा वाळणार.

हॉटेलच्या धंद्यात साधा हिशोब असतो तीन जोडांचा: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. आठ डबल खोल्या, प्रत्येक खोलीला एक चादर, दोन उशांचे अभ्रे, दोन टॉवेल. तीन जोड म्हणजे २४ चादरी, ४८ अभ्रे, ४८ टॉवेल. ऑगस्टसाठी चौथा जोड धरा, कारण एक जोड दोरीवर ओलाच असणार. मग ३२ चादरी, ६४ अभ्रे, ६४ टॉवेल. जहाजावर हा प्रश्न नाही, त्यांच्या पोटात वाळवणीच्या मोठाल्या यंत्रांची लाँड्रीच आहे. आपल्याकडे गच्ची आहे, आणि ऑगस्टमधली नाशिकची गच्ची म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ड्रायर घ्यायचा की बाहेरच्या लाँड्रीशी करार करायचा, हे जुलैत नाही, आत्ता ठरवा.

आणि सगळ्या चादरी पांढऱ्या एकाच मापाच्या घ्या. रंगीबेरंगी घेतल्या की जोड्या लावण्यात वेळ जातो, एक फाटली की अख्खा संच बाद.

धक्क्यावरचा ट्रक

प्रवासी उतरत असताना त्याच वेळी जहाजाच्या दुसऱ्या दारातून माल चढत असतो. भाजी, दूध, मांस, पाणी, साबण, सगळं पॅलेटवर, फोर्कलिफ्टने. स्टोअरचा माणूस धक्क्यावरच थर्मामीटर लावतो. थंड माल ठरलेल्या तापमानापेक्षा गरम निघाला तर तिथल्या तिथे परत. वाद नाही, "पुढच्या वेळी बघू" नाही. कारण एकदा जहाज सुटलं की बदलून द्यायला दुकान नाही.

अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या क्रूझ जहाजांची तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणी करतं. गुण १०० पैकी, ८५ किंवा त्याखाली आले की नापास, आणि निकाल जाहीर होतो. त्यामुळे बुफेतला पदार्थ वेळेच्या नियमावर ठेवलेला असेल तर त्यावर वेळ लिहिलेली चिठ्ठी लागते, आणि चार तास झाले की तो फेकायचा. चांगला असला तरी. हा मुलगा सांगत होता की पहिल्या कॉन्ट्रॅक्टला त्याला फार जिवावर यायचं, आपल्या घरी पोळी वाया घालवत नाहीत. मीही त्यावर विचार केला. माझं मत असं: फेकणं हा उपाय नव्हे, कमी करणं हा उपाय. आठ खोल्यांच्या नाश्त्याला पोहे दोन घाण्यांत करा. पहिला सातला, दुसरा पावणेनऊला. एकदाच मोठं पातेलं करून दहापर्यंत झाकून ठेवू नका. आणि दूध, पाव, भाजी घेताना गेटवरच बघून घ्या. सही केल्यानंतर नासकं निघालं तर ते तुमचं.

कोणी तरी जहाजावर राहतोच

मधल्या बंदरांत कर्मचाऱ्यांना खाली जायला मिळतं, पण सगळ्यांना एकदम नाही. बंदरात असतानाही ठरावीक माणसं जहाजावर असलीच पाहिजेत, आग लागली, पाणी शिरलं तर. त्याला ते इन-पोर्ट मॅनिंग म्हणतात. पाळी लागते, यादी लागते, ज्याची पाळी तो खाली जात नाही. आणि खाली गेलेल्या कर्मचाऱ्याला प्रवाशांच्या आधी परत यावं लागतं.

आपल्या घरच्या धंद्यात उलटं असतं. दोन भाऊ मिळून लॉज चालवतात आणि मुक्तिधामला पूजा असली की दोघंही जातात. काउंटरवर बारा वर्षांचा पुतण्या. त्याच दिवशी परदेशी पाहुणा येतो. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते, हे पुतण्याला कुठून माहीत असणार?

आगीच्या सरावाचंही तेच. जहाजावर प्रत्येक कर्मचाऱ्याला महिन्यातून किमान एकदा आगीचा आणि जहाज सोडण्याचा सराव करावाच लागतो. नव्या प्रवाशांना सुटण्याच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच गोळा होण्याची जागा दाखवतात. हा नियम कडक झाला तो १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाल्यानंतर. त्या जहाजावर नव्याने चढलेल्या प्रवाशांचा सराव व्हायचाच होता.

तुमच्या लॉजमध्ये आग विझवायचं नळकांडं भिंतीला असेलच. तुमच्या माणसाने त्याची पिन कधी काढलीय का? नाशिककरांना २७ ऑगस्ट २००३ आठवत असेल. सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत तीसहून जास्त भाविक गेले. तुमच्याकडे उतरलेलं म्हातारं जोडपं पर्वणीच्या पहाटे विचारणार, "कुठल्या रस्त्याने जाऊ? चुकलो तर कुठे थांबू?" त्याचं उत्तर काउंटरवर छापून लावलेलं असलं पाहिजे, लॉजच्या फोन नंबरसकट, खिशात ठेवता येईल अशा चिठ्ठीवर.

माणूस किती तास चालतो?

त्याच्या रविवारचे तास मी कागदावर मांडले. सकाळी ६ ते दुपारी २ केबिन. २ ते साडेतीन आराम. साडेतीन ते साडेचार प्रवाशांचा सराव. साडेपाच ते रात्री साडेनऊ पुन्हा केबिन, नव्या लोकांच्या बॅगा, त्यांच्या मागण्या. काम १३ तास.

जगभरच्या खलाशांसाठी २००६ चा सागरी श्रम करार आहे, तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यात विश्रांतीचा हिशोब असा: कुठल्याही २४ तासांत किमान १० तास, तेही जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, एक तुकडा सलग ६ तासांचा. त्याचे रात्री साडेनऊ ते सकाळी सहा साडेआठ तास आणि दुपारचा दीड तास, बरोबर १०. नियमाच्या काठावर. पण नियम तिथे संपत नाही. सात दिवसांत ७७ तास विश्रांती लागते. रोज दहाच दिली तर ७० होतात. म्हणजे एका दिवशी ताणलं तर दुसऱ्या दिवशी मोकळं सोडावंच लागतं.

मी मुद्दाम हे इतकं लिहितोय, कारण सिंहस्थाची योजना घेऊन येणाऱ्या दहापैकी नऊ जणांच्या कागदावर नोकरांचे तास नसतात. "पोरं आहेत ना सर, करतील." पर्वणीच्या आधीचे तीन दिवस पोरं अठरा-अठरा तास करतील, चौथ्या दिवशी एक जण गावी निघून जाईल, आणि तो परत यायच्या आत पर्वणी संपलेली असेल. जहाजावर पळून जायला जागा नाही तरी नियम आहे. आपल्याकडे तर समोरच स्टेशन आहे.

जहाजावर जायचंय असं विचारणाऱ्यांसाठी दोन ओळी. भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, त्यांच्या संकेतस्थळावर यादी आहे. परवानाधारक एजंटला नोकरी लावून देण्याचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. "दोन लाख भरा, जॉइनिंग पक्कं" म्हणणाऱ्याकडून उठून या.

एका खोलीवरून घरात वाद

आता त्या मुलाचं काय ठरलं? काहीच नाही अजून. त्याला आठपैकी एक खोली चादरी, साहित्य आणि ड्रायरसाठी ठेवायची आहे. काका म्हणतात, खोली म्हणजे पैसा. काकांचं गणित चुकीचं नाही. हजार रुपये भाडं आणि महिन्यात १८ रात्री धरल्या तर ती खोली महिन्याला १८,००० देते. पर्वणीच्या आठवड्यात त्याहून बरंच जास्त.

इथे मी पूर्णपणे मुलाच्या बाजूने नाही. ३२ चादरी आणि बाकीचं सामान एका लोखंडी कपाटात बसतं, त्याला अख्खी खोली कशाला? जहाजावर तरी प्रत्येक मजल्याच्या बोळात एक छोटा लॉकरच असतो. पण ड्रायरचं त्याचं म्हणणं खरं आहे. तो पाण्याच्या नळाजवळ, मशीनशेजारी आणि पाऊस लागणार नाही असाच हवा. जिन्याखालची जागा मी बघून आलो, साडेचार फूट उंचीची आहे. मशीन बसेल, माणूस वाकून काम करेल. रोज दोन-तीन तास वाकून काम करणारा माणूस किती दिवस टिकेल हा प्रश्न तिथेच येतो.

तुमचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातला सगळ्यात घाईचा दिवस घ्या आणि आदल्या संध्याकाळपासून तो मिनिटांत लिहून काढा. मेस असेल तर रविवारचं दुपारचं जेवण, मंडप असेल तर दोन लग्नांमधला दिवस, गॅरेज असेल तर दिवाळीआधीचा शनिवार. प्रत्येक कामापुढे माणूस लिहा, आणि प्रत्येक माणसापुढे विश्रांतीचे तास.

मुलाला दरम्यान जहाजावरून सातव्या कॉन्ट्रॅक्टचं बोलावणं आलंय. उत्तर द्यायला त्याच्याकडे महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. काका येत्या रविवारी टेप घेऊन जिन्याखालची जागा पुन्हा मोजणार आहेत, मलाही बोलावलंय. दर कसे ठरवायचे, साध्या दिवसाचे आणि पर्वणीचे, तो विषय पुढच्या व्हिडिओत.